रिक्षाचे हूड शिवणाऱ्या मास्तरांनी शिवलेलं होडीचं कव्हर : चार पावसाळ्यांनंतर

कोजागरीच्या सुमाराला पाऊस ओसरला की आमच्या अंगणातली होडी उघडायची. यंदाही उघडली. पोटाखालचे सहा पट्टे सोडले, मुलीने नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून धरलं, मी मागून धरलं आणि कव्हर उचलून जांभ्याच्या गडग्यावर वाळत टाकलं. मग दरवर्षी करतो तेच केलं. आत वाकलो आणि तळाच्या प्लायवर हाताची उलटी बाजू टेकवली. कोरडं! कुबट वास नाही, बैठकीच्या फळीखाली पांढरी बुरशी नाही. रत्नागिरीचा अख्खा पावसाळा, म्हणजे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी, त्या कापडावरून वाहून गेलं होतं. या कव्हरचा हा चौथा पावसाळा. पहिल्या वर्षी सगळीच कव्हरं चांगली असतात, म्हणून मी इतके दिवस लिहायचं थांबलो होतो.

होडी कुठली ते आधी सांगतो, कारण माप आणि आकार कळल्याशिवाय कव्हरबद्दल बोलण्यात अर्थ नाही. आमची होडी एंटरप्राइज जातीची. इंग्लंडच्या जॅक होल्ट यांनी १९५६ साली आखलेली, दोघांनी चालवायची शिडाची होडी. लांबी १३ फूट ३ इंच, रुंदी सव्वापाच फूट, नुसत्या अंगाचं वजन ९० किलोच्या आसपास. निळं शीड ही तिची ओळख. एनसीसीच्या नौदल विभागात पुष्कळांनी आयुष्यातलं पहिलं सुकाणू याच होडीचं धरलं, त्यातलाच मी एक. २०१९ साली एक जुनी, प्लायवूडची, रंगाचे पोपडे सुटलेली एंटरप्राइज मुंबईहून टेंपोत घालून आणली. मी तंत्रनिकेतनाच्या वर्कशॉपमध्ये सुतारकाम शिकवायचो, त्यामुळे लाकडाला हात घालायची भीती नव्हती. मुलगी आणि मी वर्षभर तिच्यावर राबलो. आता ऑक्टोबर ते मे ती भाट्याच्या खाडीत चालते आणि उरलेला सगळा वेळ अंगणात दोनचाकी गाड्यावर असते. अंगणातही माडांपासून लांब. वरून नारळ सुटला तर कुठलंच कापड होडी वाचवत नाही.

होडीला पाण्याची कसली भीती, असं लोक विचारतात. खाऱ्या पाण्याची खरंच फारशी नाही. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही. तिला हवं गोडं पाणी, ऊब आणि कोंडलेली हवा, आणि कोकणातल्या पावसाळ्यात हे तिन्ही फुकट मिळतं. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरायला लागते. म्हणजे कव्हरची कामं दोन. वरचं पाणी आत येऊ द्यायचं नाही आणि आतला दमटपणा आत कोंडू द्यायचा नाही. दुकानदार पहिल्या कामाबद्दल भरपूर बोलतात. दुसऱ्याबद्दल मला आजवर एकानेही आपणहून काही सांगितलेलं नाही. 

पहिल्या वर्षी इथले लोक करतात तसंच केलं. १ जूनला मासेमारीची बंदी लागते, त्याच्या आगेमागे होड्या वर ओढतात आणि शाकारतात. पूर्वी माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप घालत, आता झापांखाली प्लास्टिक असतं. मी झाप आणले, खाली पातळ प्लास्टिक घातलं. पाणी आलं नाही. झापांखाली उंदीर मात्र आले आणि त्यांनी पुढच्या डेकखालचे फुगे कुरतडले. बुडू नये म्हणून एंटरप्राइजमध्ये हवेचे फुगे बांधलेले असतात, ते. झाप वाईट नाहीत. मोठ्या, जाड फळ्यांच्या, डांबर फासलेल्या होडीला ते आजही चालतात. सहा मिलिमीटरच्या प्लायच्या होडीला ते झेपत नाहीत.

दुसरी आली निळी ताडपत्री. बाजारात मिळते ती, १२० जीएसएमची, चौकोनी. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. त्यावरून जाडी कळते, टिकाऊपणा पूर्ण कळत नाही. ही ताडपत्री प्लास्टिकच्या पट्ट्या विणून दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा थर दिलेली असते. पाणी अडवते उत्तम. तिला मारतं ते ऊन. मार्च, एप्रिल, मे अशी तीन महिने उन्हात राहिली आणि घडी पडलेल्या रेषांवर थर सुटायला लागला. हात फिरवला की तळव्याला निळी भुकटी लागायची, आणि ती भुकटी वाऱ्याने अंगणभर, तिथून गटारात, तिथून खाडीत. मला त्याचं फार वाईट वाटलं. कडेच्या ॲल्युमिनियमच्या रिंगा खाऱ्या हवेने पांढऱ्या पिठासारख्या झाल्या होत्या. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याने वर सरकलं, त्या दिवशी एकेक रिंग कापडातून निसटली आणि अर्धी ताडपत्री शेजाऱ्यांच्या फणसावर गेली. ताडपत्रीच घ्यायची असेल तर किमान २०० जीएसएमची, काळी किंवा चंदेरी, आणि ऊन सोसायचं रसायन घातलेली अशी विचारून घ्या. प्लास्टिकमध्ये मिसळलेली काजळी उन्हाला चांगली तोंड देते, म्हणून काळी निळीपेक्षा जास्त दिवस जाते. एका मोसमापुरती तिची किंमत वसूल होते. त्यापुढे धरून चालू नका.

तिसरं कव्हर तयार, ऑनलाइन मागवलेलं. कुठल्या कंपनीचं ते लिहीत नाही, कारण चूक निम्मी माझी होती. ‘१४ ते १६ फूट होडीसाठी’ असं लिहिलेलं, ३०० डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) पॉलिएस्टर, आतून पाणीरोधक थर, घेरात रबर, सोबत मधे उभा करायचा एक छोटा दांडा. हे कव्हर मोटरबोटीसाठी कापलेलं होतं, हे मी लक्षातच घेतलं नाही. मोटरबोटीला पुढे काच असते, त्यामुळे कापडाला आपोआप उंची मिळते. शिडाच्या होडीची मधली जागा उघडी, ताटासारखी सपाट. जूनमध्ये पहिली जोराची सर आली आणि दांड्याच्या दोन्ही बाजूंना कापड खाली लोंबलं. लोंबलं तिथे पाणी साचलं, पाण्याने कापड ताणलं, ताणलं तिथे आणखी साचलं. हिशेब सोपा आहे. एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेत सरासरी दहा सेंटिमीटर पाणी साचलं की शंभर लिटर होतात, म्हणजे शंभर किलो. होडीच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त.

आम्ही दोन दिवस गावाला गेलो होतो. परत आलो तेव्हा मधली शिवण उसवली होती आणि ते सगळं पाणी होडीत होतं, बैठकीच्या फळीपर्यंत. आतलं पाणी वाहून जायच्या भोकाचं मागचं बूच मी काढून ठेवलं नव्हतं, ही माझी चूक. पाणी काढलं, पुसलं, वाळवायचा प्रयत्न केला, पण जुलैत काय वाळणार? ऑगस्टच्या शेवटी तळाला नख दाबून बघितलं तर नख रुतलं. ओल्या पापडासारखं लाकूड. मुलगी शेजारी उभी होती. ती म्हणाली, “बाबा, एवढासाच तुकडा आहे ना?” तो तुकडा कापता कापता दीड फूट लांब झाला. आयएस ७१० मार्काची, पाण्यात टिकणारी मरीन प्लाय आणली, इपॉक्सी नावाच्या पक्क्या गोंदाने जोडली, डिसेंबरपर्यंत होडी खाडीत गेलीच नाही.

त्या दुरुस्तीच्या दिवसांत एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. मी इतके दिवस कापड निवडत होतो. निवडायला हवं होतं छप्पर. आपलं कौलारू घर बघा. आधी आढं, मग वासे, मग कौलं. पाणी थांबतच नाही, पागोळ्या होऊन अंगणात पडतं, आणि आढ्याखालून हवा सारखी खेळती राहते. मुसळधार पावसात घराने काय करायचं हे कोकणात आधीच ठरलेलं आहे. होडीला तेच करायचं.

मग मास्तरांकडे गेलो. मिरकरवाडा बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या बाजूला त्यांचं दुकान आहे, पाटी नाही, बाहेर एखादी रिक्षा उघड्या सांगाड्यानिशी उभी असते. रिक्षांचे हूड, ट्रकच्या ताडपत्र्या, दुचाकीच्या सीटा. शिडाची होडी त्यांनी कधी शिवलेली नव्हती. मी वहीतलं चित्र दाखवलं. त्यांनी ते बघितलं आणि वही परत केली. म्हणाले, “सर, कागदावर नको. होडी कुठे आहे? मी येतो.”

रविवारी आले. होडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. पंधरा फुटी माणग्याचा बांबू मी आधीच आणून ठेवला होता. माणगा जवळजवळ भरीव असतो, वाकत नाही. तो नाळेपासून मागच्या फळीपर्यंत, दोन टोकांना लाकडी कैच्यांवर, होडीच्या काठापासून अडीच फूट उंच बसवला. हे झालं आढं. डोलकाठी मी दर खेपेला उतरवून पडवीत टांगतो, त्यामुळे कव्हरला तिच्यासाठी भोक लागत नाही. ज्यांची डोलकाठी उभीच असते त्यांना गळपट्टी आणि बाजूच्या तारांसाठी फटी कराव्या लागतात, आणि पाणी पहिलं तिथूनच येतं. जमत असेल तर उतरवा.

मास्तरांनी आढ्यावरून वर्तमानपत्रं टाकली, चिकटपट्टीने जोडली आणि होडीचा खाका होडीवरच कापला. टेप फक्त शेवटी लावली. चौदा साडेचौदा फूट लांब, मधोमध साडेनऊ फूट रुंद, नाळेकडे निमुळता. काठाखाली फूटभर पदर सोडला. तो का, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी माझ्या घराच्या वळचणीकडे बोट दाखवलं.

कापडावर थोडी चर्चा झाली. मला कॅनव्हास हवा होता, कारण तो श्वास घेतो. ओला झाला की सुताचा धागा फुगतो आणि भोकं बुजतात, हेही खरं. मास्तरांचं म्हणणं पडलं की इथल्या पावसात कॅनव्हास चार महिने वाळणारच नाही, काळे ठिपके पडतील आणि दोन वर्षांत हातात येईल. ते बरोबर होते असं मला आज वाटतं. पुण्यात, खडकवासल्याच्या पाण्यावर होडी असती तर मी कॅनव्हासच घेतला असता. शेवटी ट्रकला वापरतात ते पॉलिएस्टरवर पीव्हीसीचा थर दिलेलं जाड कापड ठरलं, साधारण ५०० जीएसएमचं, राखाडी. काळं नको, कारण एप्रिलच्या उन्हात आत भट्टी होते आणि वॉर्निश सोलतं.

या कापडाचे दोन दोष आधीच माहीत होते. एक, ते अजिबात श्वास घेत नाही. दोन, पीव्हीसीला मऊ ठेवणारं तेलकट रसायन उन्हात बाहेर येतं आणि वॉर्निशला चिकटून डाग पाडतं. पहिल्यावर उपाय मास्तरांचा. रिक्षाच्या हुडाला मागे खिडकी असते ना, तशा दोन खिडक्या त्यांनी आढ्याच्या अगदी जवळ, दोन्ही टोकांच्या तिकोन्यांत केल्या. खिडकीला प्लास्टिक नाही, नायलॉनची मच्छरदाणीची जाळी. वरून कापडाचीच झडप, आत लोखंडी नव्हे, पितळी तारेची कमान घालून चार बोटं पुढे उचललेली. पाऊस तिरपा आला तरी झडपेवर आपटून खाली जातो. गरम, दमट हवा वर चढते आणि तिथून निघून जाते, खालच्या पदराच्या फटीतून नवी आत येते. उन्हाळ्यात दुपारी त्या जाळीपाशी हात धरला तर वाफ लागते. जाळीमुळे उंदरांची आणि गांधीलमाश्यांची वाटही बंद झाली.

दुसऱ्यावर उपाय माझा. आढं उंच असल्याने कापड होडीला फक्त काठावर टेकतं. तेवढ्या जागी आतल्या बाजूने जुन्या शिडाच्या पट्ट्या लावायला सांगितल्या. फाटलेलं निळं शीड माळ्यावर होतंच. मास्तरांनी पट्ट्या सोल्यूशनने चिकटवल्या आणि मग शिवल्या. कापडाच्या आतल्या अंगाला ती निळी किनार आजही दिसते. वाऱ्याने कापड काठावर घासतं तेव्हा झिजते ती पट्टी. पट्टी बदलता येते.

शिवण मुद्दाम जवळून बघा, मी तरी शिवून होईपर्यंत दुकानातून हललो नाही. दोन तुकडे नुसते एकमेकांना लावून शिवले की सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी येतं. मास्तर दोन्ही कडा एकमेकींत दुमडून चपट्या करतात आणि वरून दोनदा शिलाई मारतात. दुमडीचं तोंड खाली, कौलांसारखं, वरचं खालच्यावर. वरून येणारं पाणी शिवणीत शिरतच नाही. नंतर आतून सोल्यूशन लावून पट्टी दाबली. रिंगा पितळी, मासेमारीचं सामान विकणाऱ्या दुकानातल्या. त्या हिरव्या पडल्यात पण एकही सुटलेली नाही. मात्र रिंगांवर मुख्य भार ठेवलाच नाही. सहा ठिकाणी रुंद पट्टे, होडीच्या पोटाखालून जाणारे, बकलाने ताणायचे. सैल कव्हर वाऱ्यात फडफडतं, आणि फडफडणारं कापड स्वतःलाही फाडतं आणि खालचा रंगही खरवडतं. पदराच्या दोन बाजूंना पाण्याने भरलेल्या बाटल्या टांगतो, त्याने कड ताठ राहते.

होडीही सपाट ठेवत नाही. गाड्याच्या पुढच्या बाजूला दोन चिरे घालून नाळ वर उचललेली असते आणि मागचं बूच काढून सुतळीने सुकाणूच्या कडीला बांधलेलं असतं, म्हणजे चुकून पाणी गेलंच तरी ते बाहेर वाहून जाईल. हे कव्हरचं काम नाही, पण याशिवाय कुठल्याच कव्हरवर विसंबू नका.

खर्च २०२२ चा सांगतो : कापड ३५०० रुपये, शिलाई १८००, रिंगा, पट्टे आणि बकलं मिळून ७००. एकूण ६०००. बांबू वेगळा. चार पावसाळ्यांत वाटलं तर वर्षाला दीड हजार, आणि अजून किमान दोन वर्षं ते सहज जाईल.

तक्रारीही आहेत. कव्हर जड आहे, सात किलोच्या आसपास, ओलं झालं की आणखी. एकट्याने घालता येत नाही. रोज होडी काढणाऱ्याला हे नको होईल. तिसऱ्या वर्षी नाळेकडची शिवण सुटली. कापड शाबूत, दोरा गेला होता. हुडांना वापरतात तो नायलॉनचा दोरा होता आणि नायलॉन उन्हात लवकर जळतो. मास्तरांना दाखवलं. त्यांनी शिवण बोटाने उसवून बघितली, दोरा चिमटीत तुटला. “माझी चूक,” म्हणाले, आणि सगळ्या उघड्या शिवणी पॉलिएस्टरच्या जाड दोऱ्याने पुन्हा मारून दिल्या. पैसे घेतले नाहीत. मी दोऱ्याचे तरी दिले. तुम्ही शिवून घ्याल तेव्हा दोरा पॉलिएस्टरचाच, हे पहिल्याच दिवशी सांगा. वर्षाआड वरच्या बाजूला राखाडी रंग थोडा खडूसारखा उतरतो, त्याने काही बिघडत नाही. खाडीवरून आल्यावर मिठाचा थर गोड्या पाण्याने धुतला नाही तर घड्यांवर चिरा पडायला लागतात, हे मात्र खरं.

ज्यांना पैशाची अडचण नाही त्यांनी ॲक्रिलिकचं सनब्रेला कापड जरूर बघावं. सूत कातायच्या आधीच त्यात रंग मिसळलेला असतो, त्यामुळे उन्हाने विटत नाही. ते श्वास घेतं, आणि कंपनी दहा वर्षांची हमी देते. समुद्रात उभ्या असणाऱ्या मोठ्या होडीच्या शिडाला झाकायला त्याच्या तोडीचं दुसरं मी पाहिलेलं नाही. मला नुसत्या कापडाचेच पंचवीस हजारांच्या पुढे सांगितले, शिलाई वेगळी. शिवाय घासणं त्याला सोसत नाही, काठाला पट्ट्या लागतातच. अंगणात ठेवलेल्या तेरा फुटी जुन्या होडीवर एवढा पैसा घालायला माझं मन झालं नाही.

मागच्या आठवड्यात कव्हर घेऊन दुकानात गेलो होतो. एका पट्ट्याचं बक्कल गंजलंय आणि काठाची निळी किनार दोन जागी झिरझिरीत झालीय. मास्तरांनी कव्हर उलटं करून पट्टीवरून अंगठा फिरवला, शीड शिल्लक आहे का विचारलं. आहे. वर्तमानपत्रांचा खाका नंतर त्यांनी जाड पुठ्ठ्यावर उतरवून घेतला होता, तो अजून मागच्या भिंतीला टांगलेला आहे, त्यावर खडूने ‘सरांची होडी’ लिहिलंय. एंटरप्राइज असेल तर तोच खाका मागा. मापं सगळ्या एंटरप्राइजची सारखीच असतात, तुमचा बांबू तेवढा अडीच फुटांवर बसवा.